समुद्राला मिळणारं पाणी वाया जात नाही

दर पावसाळ्यात तानसा तलाव भरून वाहू लागल्याची बातमी येते आणि मुंबईकरांचा जीव भांड्यात पडतो. बातमीच्या पाठोपाठ एक तक्रारही हमखास ऐकू येते: एवढं पाणी समुद्रात वाया चाललं! शहापूरच्या एसटी स्टँडवर, मुरबाडच्या बाजारात, सिंचनावरच्या परिसंवादात, निवडणुकीच्या सभेत, सगळीकडे हे वाक्य सारख्याच खात्रीने बोललं जातं. पश्चिमेला वाहणाऱ्या नद्या म्हणजे गळका नळ, तेव्हा पाणी अडवा आणि उरलं तर घाटापलीकडे न्या, असा त्याचा पुढचा भाग असतो. वैतरणा आणि उल्हास खोऱ्यांतलं पाणी गोदावरीकडे वळवण्याच्या योजना याच समजुतीवर उभ्या आहेत.

ही समजूत चुकीची आहे. ती जीवशास्त्राला धरून नाही आणि कोळ्याच्या हिशेबातही बसत नाही. ती खोडून काढायला उत्तर कोकणातले दोन मासे पुरेसे आहेत. दोघेही लांबट, बुळबुळीत, रात्री शिकार करणारे. दोघांनाही लोक साप समजून ठेचतात. एक आहे खाडीत आणि समुद्रात राहणारी वाम. दुसरा अहिर: समुद्रात जन्मणारा, नदीत वाढणारा आणि मरायला पुन्हा समुद्रात जाणारा. नदी आणि समुद्र यांचा संबंध तोडला तर काय होतं, हे या दोघांच्या आयुष्याइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

वाम आधी पाहू. आपल्या किनाऱ्यावर तिच्या काही जाती मिळतात आणि त्यांतली सर्वांत मोठी अडीच मीटरपर्यंत वाढते. अंगावर खवले नाहीत. पाठीवरचा पर शेपटीला वळसा घालून पोटाखालच्या पराला जाऊन मिळतो, त्यामुळे सगळं शरीर एका लांब पट्ट्यासारखं लवतं. तोंड पुढे आलेलं, जबडे लांब आणि टाळूच्या मध्यावर सुळ्यांची एक रांग. चिखलातली निसरडी शिकार एकदा या सुळ्यांत अडकली की सुटत नाही. दिवसा वाम चिखलात दडून बसते आणि अंधार पडल्यावर मासे, कोळंबी, खेकडे शोधत निघते. जाळ्यातून होडीत पडल्यावरही ती बराच वेळ जिवंत राहते आणि समोर येईल त्याला चावते, म्हणून कसलेला कोळीसुद्धा तिच्या तोंडाजवळ हात नेत नाही.

तिला साप म्हणणाऱ्यांनी एवढं तपासावं. आपल्या समुद्रात खरे साप आहेत आणि ते विषारी आहेत, म्हणून हा फरक माहीत असलेलाच बरा. समुद्री सापाच्या अंगावर खवले असतात, शेपूट वल्ह्यासारखी चपटी असते, कल्ले नसतात आणि श्वास घ्यायला त्याला पाण्यावर यावंच लागतं. वामेला कल्ले आहेत, पर आहेत, ती पाण्यातच श्वास घेते. तिच्या दातांना जपावं. तिच्या चाव्यात विष नसतं.

वाम राहते तो चिखल कुठून येतो, हा प्रश्न 'वाया गेलेल्या' पाण्याशी थेट जोडलेला आहे. गुजरातपासून मुंबईपर्यंतचा उथळ, गढूळ समुद्र नर्मदा-तापीपासून वैतरणा-उल्हासपर्यंतच्या नद्यांनी आणलेल्या गाळावर पोसलेला आहे. पावसाळ्यात डोंगरावरची माती, कुजलेला पाला आणि त्यांतली पोषकद्रव्यं नदीबरोबर खाडीत उतरतात. त्यांवर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांवर जवळा आणि छोटे मासे, त्यांवर बोंबील आणि या सगळ्यांवर वाम. कोळंबीच्या बऱ्याच जातींची पिल्लं खोल समुद्रात जन्मतात, भरतीबरोबर खाडीत शिरतात, गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या मिश्रणात वाढतात आणि मोठी होऊन परत जातात. नदीचं गोडं पाणी खाडीत आलंच नाही, तर ही वाढीची जागा नासते. वैतरणेच्या मुखाशी असलेल्या अर्नाळ्याचा कोळी डोलीच्या जाळ्यात जे पकडतो, त्याचा एक वाटा शहापूरच्या डोंगरात पडलेल्या पावसाचा असतो. त्या पावसाला वाया गेलेला म्हणणारा माणूस अर्नाळ्याच्या जाळ्याकडे पाहत नसतो.

हा अंदाज नाही, जगाने त्याची किंमत मोजून पाहिली आहे. नाईल नदीचा पूर दरवर्षी भूमध्य समुद्रात 'वाया' जात होता, म्हणून इजिप्तने आस्वानचं उंच धरण बांधलं. १९६४ मध्ये नदी अडली. नदीच्या मुखापाशी पुराच्या हंगामात सार्डिन माशांची मोठी मासेमारी चालत असे. १९६२ साली ती सुमारे १८ हजार टन होती. पूर थांबल्यावर काही वर्षांतच ती काहीशे टनांवर आली. धरणाने वीज आणि शेतीला पाणी दिलं, हे खरंच आहे. पण 'वाया जाणाऱ्या' पाण्यावर एक अख्खा मासेमारीचा धंदा उभा होता, हे तो कोसळल्यावर सगळ्यांना दिसलं.

आपल्याकडचं उदाहरण गंगेचं आहे. समुद्रातून नदीत चढणारा हिलसा एके काळी अलाहाबादपर्यंत आणि त्याच्याही पुढे जात असे. १९७५ साली फराक्का बॅरेज सुरू झाला आणि त्याच्या वरच्या बाजूची हिलसाची मासेमारी संपल्यात जमा झाली. बिहारमधल्या मच्छीमारांनी पाणी गमावलं नव्हतं. गंगा तिथे वाहतच होती. त्यांनी गमावला तो समुद्राशी असलेला रस्ता.

अहिराची गोष्ट नेमकी याच रस्त्याची आहे.

अहिर म्हणजे अँग्विला कुळातला भारतीय ईल. नदीतल्या खडकांच्या कपारीत, काठावरच्या झाडांच्या मुळांत, डोहाच्या तळाशी तो दिवसभर पडून राहतो. नजरेपेक्षा त्याचं नाक तिखट. रात्री वासाच्या मागावर निघून तो मासे, खेकडे, कोळंबी, बेडूक पकडतो. शिकार तोंडात मावत नसेल तर अहिराचे भाईबंद तिला धरून स्वतःभोवती गरागरा फिरतात आणि लचका तोडतात. अंगावरच्या बुळबुळीमुळे त्वचा ओली राहते आणि त्या ओल्या त्वचेतून तो काही प्रमाणात प्राणवायू घेऊ शकतो. म्हणूनच पावसाळी रात्री ओल्या गवतातून सरपटत तो एका डबक्यातून दुसऱ्यात जाऊ शकतो. बांधावर दिसलेला हा प्राणी साप समजून मारला जातो तो याच वेळी. त्याच्याही चाव्यात विष नाही. त्याचं कच्चं रक्त डोळ्यांत किंवा पोटात गेलं तर त्रास देतं, पण शिजवल्यावर तो दोष उरत नाही.

नदीत वर्षानुवर्षं वाढलेला हा मासा नदीत अंडी मात्र कधीच घालत नाही. हे कोडं माणसाला दोन हजार वर्षांहून जास्त काळ छळत होतं. ईल चिखलातून आपोआप जन्मतात, असं अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलं. १८७६ साली तरुण सिग्मंड फ्रॉइडने त्रिएस्तला जाऊन नर ईलची जननेंद्रियं शोधण्यासाठी सुमारे चारशे ईल चिरले आणि ठाम उत्तराविना तो परतला. इटलीच्या ग्रासी आणि कालांद्रुच्चो यांनी १८९० च्या दशकात दाखवून दिलं, की समुद्रात तरंगणारा पानासारखा चपटा, पारदर्शक जीव हेच ईलचं बाल्यरूप आहे; तोवर त्याला वेगळाच मासा समजत होते. योहानेस श्मिट या डॅनिश शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं अटलांटिक गाळून लहानात लहान पिल्लांचा माग काढला आणि युरोपातले ईल सारगासो समुद्रात विणतात, असं १९२० च्या दशकात मांडलं. जपानी ईलची अंडी प्रत्यक्ष समुद्रात सापडायला २००९ साल उजाडलं. कात्सुमी त्सुकामोतो यांच्या पथकाला ती मारियाना बेटांच्या पश्चिमेला मिळाली. हिंदी महासागरात या कुळाची पिल्लं सुमात्राच्या पश्चिमेकडे आढळली आहेत.

वामेचं बालपणही असंच पानासारखं, पारदर्शक असतं. फरक पुढे पडतो. वामेची पिल्लं खारट पाण्यात राहतात, तर अहिराची पिल्लं किनाऱ्याशी येताच काचेच्या काडीसारखी गोल आणि लांब होतात आणि नदीचं तोंड शोधू लागतात.

कसं शोधतात? गोड्या पाण्याच्या वासावरून. समुद्रात उतरलेलं नदीचं पाणी आपल्याबरोबर माती, शेवाळं, कुजलेला पाला यांचा वास घेऊन येतं. पाण्याचा खारटपणा कमी होत जातो. बोटभर लांबीचं ते पारदर्शक पिल्लू हा माग धरतं. पोहायची ताकद बेताची असल्यामुळे भरती आली की ते पाण्याच्या वरच्या थरात येऊन खाडीत आत वाहून जातं, ओहोटी लागली की तळाशी चिकटून बसतं आणि पुढच्या भरतीची वाट पाहतं. अशा टप्प्याटप्प्यांनी ते नदीत पोचतं. म्हणजे ज्या पाण्याला आपण वाया गेलेलं म्हणतो, तेच अहिराला नदीचा पत्ता सांगत असतं. ते पाणी थांबलं की बोलावणंच थांबतं.

आता तानसा नदीकडे पाहू. ती शहापूरच्या डोंगरात उगम पावते, वज्रेश्वरी-गणेशपुरीवरून पश्चिमेला जाते आणि वैतरणेच्या खाडीत मिसळते. १८९२ साली तिच्यावर पावणेतीन किलोमीटरहून लांब दगडी धरण पूर्ण झालं. त्या काळातलं ते जगातलं एक मोठं बांधकाम होतं आणि आजही त्यात १४,५०८ कोटी लिटर पाणी मावतं. पुढे १९५७ साली वैतरणेवर मोडक सागर झालं, १९७० च्या दशकात तिच्यावरच ऊर्ध्व वैतरणा, १९८० च्या दशकात भातसा आणि २०१४ साली १०२ मीटर उंचीचं मध्य वैतरणा. एकट्या वैतरणेवर एकापाठोपाठ तीन भिंती आहेत. मुरबाडमध्ये बारवीचं धरण १९७० च्या दशकातलं. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण साठवण १ लाख ४४ हजार कोटी लिटरांहून जास्त आहे आणि तिचा मोठा हिस्सा शहापूर परिसरातल्या धरणांत आहे. यांपैकी एकाही धरणावर समुद्रातून येणाऱ्या माशासाठी वाट ठेवलेली नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. ईल तर ओल्या भिंतीवरही चढतो, मग धरण त्याला कसं अडवणार? त्यात तथ्य आहे, पण ते अर्धं आहे. ईलची बारीक पिल्लं पाणी झिरपणाऱ्या शेवाळलेल्या भिंतीला चिकटून वर सरकू शकतात. हे जमतं ते पिल्लू अगदी लहान असेपर्यंत. दहा-बारा सेंटिमीटरांच्या पुढे त्याचं वजन त्या चिकटण्याला पेलत नाही. शिवाय भिंत ओली हवी, शेवाळलेली हवी आणि पिल्लू मुळात भिंतीपर्यंत पोचायला हवं. पावसाळा संपल्यावर खालची नदी डोहाडोहांत तुटली असेल, मधल्या बंधाऱ्यांना फळ्या लागल्या असतील आणि वाटेत रेती उपशाने पात्र खणून निघालं असेल, तर ते भिंतीशी पोचणार तरी कसं?

आणि समजा एखादं चढलंच. परतीचं काय? मोठा झालेला अहिर जायला निघतो तेव्हा त्याचं सगळं रूप पालटतं. पाठ काळसर होते, पोट रुपेरी, डोळे मोठे होतात, आतडी आक्रसतात. त्यानंतर तो खात नाही. साठवलेल्या चरबीवर समुद्र गाठून, वीण करून मरणं एवढंच उरतं. त्याला पुराचं, खाली नेणारं पाणी हवं असतं. तानसाचं पाणी मात्र धरणातून बंद जलवाहिन्यांत शिरून मुंबईकडे जातं. वीजनिर्मिती होते तिथे टर्बाइनची पाती असतात आणि ईलचं लांब शरीर त्यांतून सहसा सुखरूप सुटत नाही. युरोप-अमेरिकेत हे वारंवार मोजलं गेलं आहे. अहिराची एक मादी लाखो अंडी घेऊन निघालेली असते. ती जलवाहिनीच्या जाळीशी मेली, तर तिच्यापुरती नदी तिथेच संपली.

दुसरा आक्षेप असा, की तलावात आजही एखादा मोठा अहिर मिळतो, म्हणजे सगळं ठीक आहे. मोठा अहिर मिळणं हा ठीक असल्याचा पुरावा नाही. या कुळातले मासे अडकून पडले तर दशकानुदशकं जगतात. स्वीडनमधल्या ब्रांतेविक गावच्या विहिरीत १८५९ साली सोडलेला ईल २०१४ साली मेला, असं तिथले लोक सांगतात. हे वय बाजूला ठेवलं, तरी बंद पाण्यातला ईल फार काळ जगतो याबद्दल शंका नाही. तलावातला म्हातारा अहिर जुन्या पुराची आठवण असू शकतो. खरा प्रश्न बारीक पिल्लांचा आहे: ती दरवर्षी खाडीतून वर येतात का? ते मोजल्याशिवाय अहिर सुखरूप असल्याचा दावा करता येत नाही.

तिसरा आक्षेप सरकारी कागदांत वारंवार भेटतो: जलाशयात मत्स्यबीज सोडलं जातं, त्यामुळे धरणाने मासे घटत नाहीत, वाढतात. सोडलं जातं ते रोहू, कटला आणि मृगळ यांचं बीज. हे गंगेच्या खोऱ्यातले मासे आहेत. कोकणच्या नद्यांत ते मूळचे नाहीत. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी संप्रेरकं टोचून या गटातल्या माशांची वीण घडवून आणली, तेव्हापासून त्यांचं बीज हवं तेवढं तयार होतं. देशाला त्याचा मोठा लाभ झाला. पण अहिराचं बीज असं मिळत नाही. जपानने २०१० साली प्रयोगशाळेत ईलचं जीवनचक्र पूर्ण करून दाखवलं, तरी जगातली ईलशेती आजही निसर्गातून पकडलेल्या पिल्लांवरच चालते. म्हणजे आपण नदीतला एक मासा घालवला आणि तलावात दुसरा मासा सोडला. टनांच्या हिशेबात ते भरून निघेलही. नदीच्या हिशेबात ती तूट कायमची आहे.

या हिशेबात माणसंही आहेत. पहिल्या पावसात ओढ्याने वर येणारे वलगणीचे मासे पकडणारे कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांची नदी म्हणजे तलाव नव्हे. तलावात ठेका असतो, अभयारण्याचे आणि पिण्याच्या पाण्याच्या सुरक्षेचे नियम असतात. ओढ्यावर आणि डोहावर जाणाऱ्याला ना जाळं विकत घ्यावं लागतं ना परवाना काढावा लागतो. ठेकेदाराच्या रोहूचा आकडा दाखवून डोहातल्या माशाची भरपाई झाली असं म्हणणं, हा या लोकांवर सरळ अन्याय आहे. २००६ चा वनहक्क कायदा तर जलसाठ्यांतल्या माशांवरचा त्यांचा सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत मान्य करतो.

आणखी एक मत ऐकू येतं: हा शिकारी मासा, तो इतर मासे फस्त करतो, गेला तर बरंच झालं. शिकारी प्राण्यांबद्दलची ही अढी जंगलात आता बरीच मोडली आहे. तानसा अभयारण्यातल्या बिबट्याने भेकर मारलं म्हणून बिबट्या नको, असं आज जाणता माणूस म्हणत नाही. डोहातला अहिर आणि खाडीतली वाम आजारी, दुबळी, मेलेली शिकार उचलतात आणि कुठलीच एक जात माजू देत नाहीत. हजारो वर्षं अहिर आणि इतर मासे याच नद्यांत एकत्र नांदले. त्यांना संपवायला अहिर कधीच पुरेसा नव्हता. जिलेटिनच्या कांड्या, डोहात ओतलेलं कीटकनाशक आणि कारखान्यांचं सांडपाणी मात्र पुरेसं आहे. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने बंदी घातली आहे. ती मोडली जाते आणि दोष शिकारी माशावर येतो.

वामेला तर रोख किंमतही आहे. तिच्या पोटातली हवेची पिशवी सुकवून पूर्व आशियात निर्यात होते. तिच्याच एका जातीला जपानमध्ये हामो म्हणतात. समुद्रापासून दूर असलेल्या क्योतो शहरात जुलैतल्या गिऑन उत्सवाचं ते मानाचं खाणं आहे आणि तिथला कुशल आचारी तीन सेंटिमीटरांत चोवीस काप देऊन तिचे बारीक काटे निकामी करतो. ज्या माशाला आपण काटेरी आणि सापासारखा म्हणून नाक मुरडतो, त्याच्यासाठी तिथे एक स्वतंत्र कौशल्य घडलं आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला बगल देणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. मुंबईची माणसं तहानलेली ठेवून मासे वाचवायचे का? नाही. तानसाची भिंत पाडा, असं इथे कुणीही म्हणत नाही. त्या भिंतीने सव्वाशेहून अधिक वर्षं लाखो माणसांना पाणी पाजलं आहे. मुद्दा आहे तो थेंबन् थेंब अडवण्याच्या हट्टाचा. हा हट्ट तहान भागवत नाही, हे शहापूर तालुकाच सांगतो: मुंबईच्या धरणांच्या कुशीतल्या त्याच्या गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाणी कमी म्हणून हे घडत नाही, वाटप असं आहे म्हणून घडतं.

नदी वाहती ठेवूनही शहराला पाणी देता येतं, याचा दाखला याच तालुक्यात आहे. भातसा धरणाचं मुंबईसाठीचं पाणी आधी नदीतच सोडतात आणि खाली भिवंडी तालुक्यात पिसे बंधाऱ्यापाशी उचलतात. तेवढ्या अंतरात नदी उन्हाळ्यातही वाहते आणि शहराचं काही अडत नाही. पिसे बंधाऱ्याच्या खालीही थोडं पाणी बाराही महिने जावं आणि तानसाच्या भिंतीखालच्या पात्रालाही त्याचा वाटा मिळावा, ही मागणी अवास्तव नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली सगळ्या राज्यांना नद्यांत किमान प्रवाह राखायला सांगितलं. केंद्राने २०१८ साली गंगेसाठी असा प्रवाह ठरवून अधिसूचना काढली. तानसा, वैतरणा, भातसा आणि काळू यांच्यासाठीही तसाच आकडा ठरवून जाहीर केला पाहिजे.

ईलसाठी वाट बांधणं हे स्वप्नरंजनही नाही. खडबडीत ब्रशांनी किंवा खड्यांनी मढवलेली उतरती पन्हाळ आणि तिच्यावरून सतत झिरपणारं थोडं पाणी, एवढ्यावर पिल्लं बंधारे चढतात. कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवरच्या मोझेस-सॉन्डर्स धरणावर १९७४ साली अशी शिडी बसली. न्यूझीलंडमध्ये वायकाटो नदीवरच्या कारापिरो धरणाच्या पायथ्याशी पिल्लं गोळा करून वरच्या पाण्यात नेऊन सोडतात. हे देश उशिरा जागे झाले आणि त्यांना मोठं नुकसान सोसावं लागलं. युरोपच्या किनाऱ्यावर येणाऱ्या ईलच्या पिल्लांची संख्या १९८० नंतर नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. २००७ साली युरोपीय संघाला कायदा करावा लागला, की माणसाचा हस्तक्षेप नसता तर जेवढे प्रौढ ईल समुद्रात परतले असते त्यांच्या किमान चाळीस टक्के परतलेच पाहिजेत. आपला अहिर आंतरराष्ट्रीय यादीत सध्या 'संकटाच्या जवळ' या गटात आहे. युरोपच्या ईलइतकी त्याची अवस्था अजून झालेली नाही, म्हणूनच काम करायची वेळ हीच आहे.

मुरबाड तालुक्यात काळू नदीवरचं धरण पुन्हा पुन्हा चर्चेत येतं. २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याचं काम थांबवलं होतं. शाई नदीवरही धरणाचा प्रस्ताव आहे आणि वाडा तालुक्यात तानसा अभयारण्याच्या हद्दीला भिडणाऱ्या गारगाईवरही. यांतल्या बऱ्याच योजना पिण्याच्या पाण्याच्या नावाखाली मांडल्या जातात आणि केवळ पिण्याच्या पाण्यासाठी असलेल्या धरणाला २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेखाली परवानगी घ्यावी लागत नाही. म्हणजे शंभर मीटर उंचीची भिंत उभी करण्यापूर्वी त्या नदीतून कोणते मासे समुद्रात ये-जा करतात, हे विचारण्याचं कायदेशीर बंधनही कुणावर नाही. 'पाणी वाया जातं' हे वाक्य इथे सर्वांत जास्त नुकसान करतं, कारण ते प्रश्न विचारण्याआधीच उत्तर देऊन मोकळं होतं.

हा प्रश्न गावांनी विचारावा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. शहापूर, मुरबाड, वाडा, भिवंडी, वसई इथल्या पंचायतींनी त्या नोंदवहीत अहिर आणि वाम कुठे, कोणत्या महिन्यात, किती लांबीचे मिळतात ते लिहावं. जुन्या माणसांना पूर्वी कुठपर्यंत मिळत असत तेही लिहावं. जाळ्यात बारीक पिल्लं आली तर ती पाण्यात परत सोडावीत. काळू, शाई आणि गारगाईच्या जनसुनावण्यांत किंवा ग्रामसभांत ही नोंद पुराव्यादाखल ठेवावी आणि माशांच्या ये-जा करण्याचा अभ्यास झाल्याखेरीज ठराव देऊ नये. पुढच्या जुलैत तानसा भरून वाहील तेव्हा वृत्तपत्रांनीही 'पाणी वाया' असा मथळा देऊ नये. ते पाणी वैतरणेच्या खाडीतल्या माशांचं आणि अर्नाळ्याच्या कोळ्यांचं आहे.